मलम थांबवायचे कधी?

2018 सालच्या तीन घटना एकत्र ठेवून पाहाव्यात. 23 मार्चला केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा ठरले. 7 सप्टेंबरला 328 मिश्र औषधांवर बंदी आली. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये भरलेली मलमेही त्यात होती. त्यांतल्या पँडर्म प्लसचे नाव त्या वेळी बातम्यांत आले; ते बनवणारी मॅक्लिऑड्स ही कंपनी मुंबईत अंधेरी पूर्वेच्या मरोळ चर्च रोडवरची. आणि 17 डिसेंबरला मरोळच्याच ईएसआयसी कामगार रुग्णालयाला आग लागली. माणसे दगावली. एमआयडीसी आणि सीप्झ या औद्योगिक वसाहतींमधल्या कामगारांचे हे हक्काचे रुग्णालय त्यानंतर बराच काळ पूर्ववत सुरू होऊ शकले नाही.

पहिल्या दोन निर्णयांनी सांगितले की मलम दुकानदाराकडून परस्पर घेऊ नका, डॉक्टरकडे जा. तिसऱ्या घटनेने, निदान या वस्तीपुरता, डॉक्टरकडे जाण्याचा जवळचा रस्ताच बंद केला. इसबावर वर्षानुवर्षे स्टिरॉइड मलम चोळून ज्यांची कातडी आज पातळ झाली आहे, त्यांच्या दुखण्याचे मूळ या विसंगतीत आहे, असे माझे म्हणणे आहे. या माणसांना आपण अडाणी म्हणतो, हावरट म्हणतो, 'स्वतःच डॉक्टर झाले' असे म्हणतो. त्यांना मलम सुरू करायला सांगणारे दहा जण भेटले आणि थांबवायला सांगणारा एकही भेटला नाही, ही गोष्ट मात्र आपण बोलत नाही.

इसबाने माणूस मरत नाही, त्यामुळे त्याचे दुःख कुणाच्या मोजणीत येत नाही. पण ज्याला रात्री दोन वाजता खाजेने जाग येते, खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात आणि सकाळी आठच्या शिफ्टला उभे राहायचे असते, त्याला विचारा. मरोळसारख्या ठिकाणी इसबाला कारणे भरपूर. सिमेंटमधले क्रोमियम गवंड्याच्या हातावर उठते. धातूचा मुलामा देण्याच्या कामात निकेलशी रोजचा संबंध येतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हात साबणाच्या पाण्यातून बाहेर येतच नाहीत. मासळी विकणाऱ्या बाईचे हात बर्फाच्या आणि मिठाच्या पाण्यात. ज्यांना लहानपणापासून दमा, सर्दी, इसब अशी अंगची प्रवृत्ती आहे, त्यांना यातले काहीही पुरते. वर मुंबईचा घाम आणि पावसाळ्यातले ओलसर कपडे. कारण रोजच्या पोटापाण्याशी बांधलेले असले की ते टाळा असा सल्ला देण्यात अर्थ राहत नाही. अशा वेळी काही रुपयांची एक ट्यूब मिळते, दुसऱ्या दिवशी खाज निम्मी होते आणि कामावर जाता येते. ट्यूब घेताना तो माणूस खरे तर आपला उद्याचा रोज विकत घेत असतो.

हे औषध मुळात चांगले आहे, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. कॉर्टिझोन आणि त्याच्या भाऊबंद संप्रेरकांवरच्या कामासाठी केंडॉल, राइशस्टाइन आणि हेंच यांना 1950 चे नोबेल मिळाले. 1952 मध्ये अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन कातडीला लावून इसब शांत होतो हे दाखवले. त्याआधी इसबाच्या रोग्याला डांबराची मलमे, पट्ट्या आणि नशीब एवढाच आधार होता. पुढच्या वीसेक वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूत फेरफार करून जास्त तिखट औषधे बनवली. बीटामेथासोन आले, मग क्लोबेटासोल आले. रक्तवाहिन्या आकसण्याच्या प्रमाणावरून मलमाचा जोर मोजतात. त्या चाचणीत क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिझोनच्या सुमारे 600 पट भरते. तरी दुकानाच्या फळीवर दोन्हींच्या ट्यूबा सारख्याच दिसतात, सारख्याच आकाराच्या, आणि बोलीत दोघींचे नाव एकच असते, 'खाजेची ट्यूब'. क्लोबेटासोल आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त आणि सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. ते पत्रक इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, घडी घालून खोक्यात ठेवलेले असते. दुकानदार सुटी ट्यूब हातावर ठेवतो तेव्हा तेही मिळत नाही.

मर्यादा का पाळायची, हे कातडीच्या आत काय घडते ते पाहिले की कळते. स्टिरॉइड दाह थांबवते, कारण ते पेशींना कामावरून थांबवते. दाह करणाऱ्या पेशी थांबतात तशा कातडीची वीण विणणाऱ्या पेशीही मंदावतात. कोलॅजन कमी बनते. वरच्या थरातली चरबी, जी ओल आत आणि जंतू बाहेर ठेवते, तीही कमी होते. म्हणजे इसबात मुळातच जी भिंत कच्ची असते, ती या औषधाने दीर्घकाळात आणखी कच्ची होते. कोपराच्या आतल्या बाजूला वर्षभर मलम लावणाऱ्याचा हात उजेडात धरून पाहावा. कातडी सिगरेटच्या कागदासारखी सुरकुतते, खालची निळी शीर स्पष्ट दिसते, घड्याळाचा पट्टा घासला तरी जांभळा डाग पडतो. जांघेत आणि काखेत लांब पट्टे उमटतात, गरोदर बाईच्या पोटावर उमटतात तसे. हे पट्टे पुसट होतात, पण जात नाहीत. चेहऱ्यावर बारीक लाल शिरांचे जाळे, पुटकुळ्या, तोंडाभोवती पुरळ, कधी जास्तीची लव. डोळ्यांभोवती बराच काळ लावले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. लहान मुलाच्या मोठ्या भागावर जोरदार मलम लावत राहिले तर ते रक्तात उतरते, शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे मंदावते आणि वाढही खुंटू शकते.

कुठे लावले यावरही बरेच अवलंबून असते. फेल्डमन आणि मेबाख यांनी 1967 मध्ये मोजून दाखवले की हाताच्या पुढच्या भागावर हायड्रोकॉर्टिझोन जेवढे शोषले जाते ते 1 धरले, तर कपाळावर ते 6, जबड्याच्या कडेला 13 आणि वृषणाच्या कातडीवर 42 पट होते. तळपायावर मात्र ते सातव्या हिश्श्याएवढेच. म्हणजे तळव्याच्या जाड इसबाला दिलेली ट्यूब त्याच घरातल्या कुणी चेहऱ्याला किंवा जांघेला लावली तर औषधाचा डोस कितीतरी पटींनी वाढतो. आपल्याकडे एक ट्यूब अख्ख्या घराची असते. बापाच्या पायाची ट्यूब मुलीच्या गालावर जाते, आणि गालावरचा डाग उजळला की ती आरशाशेजारी ठेवली जाते.

यात इसब आणि गजकर्ण यांच्यातला गोंधळ मिसळला की प्रकरण आणखी बिघडते. दोन्ही खाजतात, दोन्हींचे चट्टे उठतात. गजकर्ण बुरशीचे असते आणि स्टिरॉइड बुरशीशी लढणाऱ्या शरीराचेच हात बांधते. पहिल्या आठवड्यात खाज कमी होते, मग चट्टा आपला ओळखू येणारा गोल काठ सोडून वेडावाकडा पसरतो. 1968 साली वैद्यकात त्याला वेशांतर केलेले गजकर्ण म्हणून नाव मिळाले. भारतात गेल्या दशकभरात औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाची जी साथ पसरली, तिला स्टिरॉइडच्या मिश्र मलमांनी खतपाणी घातले, हे आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. ज्या ट्यूबमध्ये तीन-चार औषधे एकत्र भरली जातात, ती खरे तर निदान टाळण्यासाठी बनवलेली असते. काहीतरी लागू पडेल, असा तिचा हिशेब. रोग्याच्या अंगावर असा हिशेब करण्याचा अधिकार कुणाला नाही.

आता सर्वांत अवघड भाग. काही जणांनी वर्षानुवर्षे लावलेले मलम एक दिवस थांबवले, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत अंग पेटले. मूळ इसब कोपरात होता, आता अख्खा हात, मान, चेहरा. खाजेपेक्षा आग जास्त. कातडी सुजते, पाणी सुटते, मग पापुद्रे निघतात. झोप जाते. कित्येकांना महिनोन्‌महिने घराबाहेर पडवत नाही. घाबरून ते पुन्हा ट्यूब उघडतात, दोन दिवसांत आराम पडतो, आणि मलमाशिवाय आपले चालणार नाही ही खात्री पक्की होते. हा निराळा आजार आहे की जुना इसबच उसळून आला, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. तरी 2015 मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा त्यात एक सारखेपणा दिसला. मध्यम ते तीव्र जोराचे मलम, दीर्घकाळ, मुख्यतः चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर, आणि थांबवल्यावर आगीसह पसरणारी लाली. 2021 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने अशा प्रतिक्रियांची नोंद घेऊन डॉक्टर आणि रुग्णांना सावध केले. मतभेद असू द्यावेत. रुग्ण 'आग होते' म्हणतो तेव्हा त्याला 'खाज होत असेल' म्हणून परत पाठवणे हा शास्त्राचा भाग नाही.

आपल्या वर्णाच्या माणसांवर इथे दुहेरी अन्याय होतो. पाठ्यपुस्तकांतली लाली गोऱ्या कातडीवरची. सावळ्या अंगावर तीच लाली जांभळट, राखाडी किंवा नुसती काळपट दिसते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते. पुढे ती काळपट छटा जावी म्हणून तोच माणूस गोरेपणाची क्रीम शोधतो, आणि त्या क्रीममध्ये पुन्हा स्टिरॉइड असू शकते.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. हे वाचून कुणी आजच्या आज मलम फेकून देऊ नये. मोठ्या भागावर, लहान मुलाला किंवा अनेक महिने जोरदार मलम लावले असेल, तर ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, जोर कमी करत, दिवसांमधले अंतर वाढवत सोडावे लागते. दुसरीकडे नुसत्या भीतीपायी मलमाला हातच न लावणाऱ्या आयाही आहेत. त्यांची मुले रात्ररात्र खाजवतात, जखमांत पू होतो, झोपेअभावी शाळेत पेंगतात. तेही नुकसानच आहे. योग्य जोराचे मलम, योग्य जागी, पुरेसे पण मोजके दिवस लावले तर कातडी पातळ होत नाही, इसब आटोक्यात येतो. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत काढलेली मलमाची पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ज्याचा इसब पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, त्याला चट्टा मावळल्यावर आठवड्यातून दोनच दिवस लावायचे, असाही मार्ग आहे आणि त्याला चांगल्या चाचण्यांचा आधार आहे. चेहऱ्यासाठी आणि घड्यांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमे आहेत. रोज दोनदा अंगाला ओलावा धरणारे काही लावणे, मग ती साधी व्हॅसलीन का असेना, हा तर उपचाराचा पाया. अडचण अशी, की मॉइश्चरायझरची मोठी बाटली काही शे रुपयांना पडते आणि स्टिरॉइडची ट्यूब त्याच्या कितीतरी कमी पैशांत. गरिबाला स्वस्त पडते ते औषध, आणि महाग पडते ते औषध लागू नये म्हणून घ्यायची काळजी.

म्हणजे भांडण स्टिरॉइड चांगले की वाईट हे नाही. ते कधी थांबवायचे हे कोण ठरवणार, यावर सगळे अडले आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक भारतीय अभ्यास या प्रश्नावर लख्ख उजेड टाकतो. देशभरातल्या 12 केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी झाली. त्यांतले 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांच्यातल्या 59.3 टक्क्यांना ते कुणा डॉक्टरने दिलेलेच नव्हते. दुकानदार, मैत्रीण, ब्युटी पार्लर, शेजारी. एवढे सगळे सांगतात. पुढचा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही. ज्या 176 जणांना डॉक्टरने मलम लिहून दिले होते, त्यांच्याही 83 टक्के चिठ्ठ्यांवर ते नको इतक्या वेळा पुन्हा घेतले गेले. चिठ्ठी खरी होती, डॉक्टर खरा होता, मुदतीचे मात्र कुणी पाहिले नाही.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मरोळ नाक्याच्या आसपास मेडिकलच्या काउंटरवर हे घडताना दिसते. माणूस खिशातून पिळून चपटी झालेली, शेपटापर्यंत गुंडाळलेली ट्यूब काढतो आणि काचेवर ठेवतो. बोलत नाही. दुकानदार ती उलटी करून नाव वाचतो, मागच्या फळीवरून तशीच नवी काढतो, पैसे घेतो. रिकामी ट्यूब हीच चिठ्ठी. नव्या ट्यूबवर लाल रेघ असते, आरएक्स हे चिन्ह असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असे लिहिलेले असते. दोघांपैकी कुणीही कायदा मोडण्याच्या इराद्याने तिथे उभे नाही. एकाला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई आहे, दुसऱ्याला लोकल पकडायची आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चिठ्ठीची सक्ती काटेकोर केली तर गरीब माणूस मरेल. त्वचेच्या डॉक्टरची फी, अर्ध्या दिवसाचा रोज, मोठ्या रुग्णालयातली रांग हे त्याला परवडणार कसे? दुकानदार निदान काहीतरी देतो. हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याला अनिर्बंध क्लोबेटासोल मिळू द्यावे, हा कसला न्याय? आज ट्यूबवर वाचवलेले पैसे तोच माणूस पुढे फाटक्या कातडीवर आणि बुडालेल्या कामावर कितीतरी पटींनी भरतो. महाराष्ट्राने हा वाद पाहिलेला आहे. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये, या जुन्याच नियमांची अंमलबजावणी लावून धरली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी 2013 मध्ये बंद पुकारले. कायदा अशक्य होता म्हणून हे भांडण झाले नाही. तो कधी पाळायचाच नव्हता अशी सगळ्यांची समजूत झाली होती म्हणून झाले. पण नुसत्या छाप्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, हेही तितकेच खरे. दुकानाचे दार बंद करायचे तर दवाखान्याचे दार त्याच दिवशी उघडले पाहिजे. 2018 मध्ये आपण पहिले केले, दुसरे केले नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. क्लोबेटासोलसारखी अतितीव्र मलमे आणि स्टिरॉइडची सगळी मिश्रणे अनुसूची एच-1 मध्ये घालावीत. 2014 पासून अनेक प्रतिजैविके त्या यादीत आहेत, त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. जे नियम प्रतिजैविकाला चालतात ते या मलमांनाही चालतील. ट्यूबवरच, खोक्यावर नाही, मराठीत ठळक छापावे की हे स्टिरॉइड आहे, चेहऱ्याला लावू नका, इतक्या दिवसांनी थांबवा. प्रत्येक डॉक्टरने, मग तो एमडी असो की गल्लीतला फॅमिली डॉक्टर, चिठ्ठीवर कुठे, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहावे. तारीख नसलेली स्टिरॉइडची चिठ्ठी अपुरी समजावी आणि फार्मासिस्टने ती परत पाठवावी. महापालिकेच्या संध्याकाळी चालणाऱ्या 'आपला दवाखाना'मध्ये आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्वचेचा डॉक्टर बसवावा. आणि महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या ज्या कामगाराच्या वेतनातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी कापली जाते, त्याला कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा जागी त्वचेच्या डॉक्टरची सेवा मिळावी. ही कुणाची मेहेरबानी नाही, त्याने पैसे आधीच भरले आहेत.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर वाचकाने एक काम करावे. घरातल्या कपाटात, आरशाशेजारी, देवघराच्या फळीवर जिथे कुठे अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब असेल ती काढून तिच्यावरचे औषधाचे नाव वाचावे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल, तर ती किती दिवसांपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून लावतो आहोत हे विचारावे. उत्तर देता आले नाही तर ती ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा, हे मी कोणत्या तारखेला थांबवू? तारीख कळल्याशिवाय तिथून उठू नये.